वज्रसप्तक पुन्हा काढताना

गालाला साबण लावून मान मागे टाकलेल्या माणसाला कोणत्याही वादात भाग घेता येत नाही, आणि न्हाव्याच्या दुकानातले सगळे महत्त्वाचे वाद नेमके तेव्हाच निघतात. दोन हजार पाच सालच्या उन्हाळ्यात गोरेगावच्या हायस्कुलातला चित्रकला शिक्षक जळबा खिल्लारे असाच अडकला. मागच्या बाकावर दोन तरणी गिऱ्हाईकं एक फाटकं चित्रपुस्तक चाळत होती. तो ‘वज्रसप्तक’चा अंक होता. सात महावीरांची टोळी, त्यांचा वैरी शून्यासुर, आणि दर महिन्याला थोडक्यात टळणारा जगाचा नाश. त्यातली चित्रं बारा वर्षं एकट्या जळबानं काढली होती, पण हे त्या दोघांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. अंक बंद पडूनही आता दहा वर्षं होत आली होती.

“सावली मेली,” एक म्हणाला. “हे बघ, लिवलंय. सावलीने अखेरचा श्वास घेतला.”

“लिवलेलं सोड. चित्रात उभी हाय. हातात चहाचा कप हाय.”

“मेलेली बाई चहा काहून पिईल?”

“तेच तर इचारून राहिलो.”

न्हाव्यानं वस्तरा न थांबवता निकाल दिला. “आता सांगणार कोण? चित्रं काढणारा तर मेला म्हणे.”

जळबानं खुलासा करण्यासाठी तोंड उघडलं आणि साबण आत गेला. खोकला थांबेपर्यंत विषय कापसाच्या बियाण्यावर गेला होता. आपल्या मरणाची बातमी खोडून काढण्याची संधी माणसाला एकदाच मिळते, ती अशी फेसात गेली.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. कमलबाई आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या आणि मरणाच्या बातम्या शांतपणे घ्यायची त्यांना सवय होती.

“लोक म्हणून राहिले, मी मेलो.”

“कधी?” कमलबाईंनी विचारलं.

त्या एका शब्दानं वज्रसप्तक पुन्हा सुरू झालं, असं म्हणायला हरकत नाही. जळबा पन्नाशीचा होता. शाळेत चित्रकलेचा तास म्हटलं की मुलांना मैदानात सोडत, आणि चित्रकला शिक्षक म्हटलं की स्वच्छतेचे नाहीतर पोलिओचे फलक रंगवायला बसवत. एकाच बाळाच्या तोंडात तेच दोन थेंब त्यानं इतक्या भिंतींवर टाकले होते की ते बाळ एव्हाना कॉलेजात जायला हवं होतं. आता निदान आपण हयात आहोत, एवढं तरी जगाला कळावं, असं त्याला वाटलं. मागणी काही मोठी नव्हती.

अडचण एकच होती. चित्रं जळबाची असली तरी गोष्टी प्रेमदास राठोडच्या असत, आणि प्रेमदासशी बोलणं बंद होतं. प्रेमदास जवळच्या तांड्यावर राहायचा आणि विम्याचा एजंट होता. विमा एजंटाला मरणाचं काही विशेष वाटत नाही, म्हणूनच त्यानं शेवटच्या अंकात सातांतल्या सावलीला मारलं. जळबानं मारायला नकार दिला. प्रेमदास मजकूर बदलेना, जळबा चित्र बदलेना, आणि छापखान्यानं दोन्ही छापलं. तेव्हापासून बाजारात समोरासमोर आले की प्रेमदास वांगी निरखायचा आणि जळबा दोडके. दोघांच्याही घरी नको इतकी भाजी आली.

जळबा तांड्यावर गेला तेव्हा दारात प्रेमदासची आई नीलाबाई तूर निवडत बसली होती. “ये,” ती म्हणाली, जणू तो कालच येऊन गेला होता. प्रेमदास आतून बाहेर आला. त्यानं जळबाकडे पाहिलं, खाट सरकवली आणि दहा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य बोलला.

“सावली मेली हाय.”

“उभी हाय,” जळबा म्हणाला.

मग नीलाबाईनं विचारलं, “कोण सावली? कोण्या गावची?”

तिला सगळं सांगावं लागलं. सात जण आहेत, उडतात, पाण्यात राहतात, भिंतीतून जातात, गुहेत एकत्र राहून जगाचं रक्षण करतात. नीलाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

“सात मानसं,” ती म्हणाली. “मग भाकरी कोण टाकतं?”

प्रेमदासनं जळबाकडे पाहिलं. बारा वर्षांत त्या सातांनी पर्वत उचलले होते, पण एकदाही कुणी जेवायला बसलं नव्हतं. चहाचा तो एक कप सोडला तर पोटात काहीच गेलं नव्हतं.

“बारा वर्सं उपाशी ठेवली व्हय रे लेकरं?” नीलाबाई म्हणाली. “मग चक्कर येऊन पडली असल ती. तुमी लगेच मेली म्हणून मोकळे.”

दहा वर्षांचं भांडण असं तुरीच्या सुपात मिटलं. सावलीला उपासानं भोवळ आली होती, असं ठरलं. नव्या अंकाच्या पहिल्याच पानावर सातही जण मांडी घालून पिठलं-भाकरी खातात, असं प्रेमदासनं तिथंच लिहून काढलं. जळबाला परत जाताना नीलाबाईनं तूर दिली. भाजी मात्र दोघांनीही दिली-घेतली नाही.

काम सुरू झाल्याची बातमी जळबानं कुणालाच सांगितली नव्हती, म्हणून ती आठवड्याच्या आत सगळ्यांना कळली. पहिले आले शेजारचे संतरामभाऊ. संतरामभाऊ कंपाउंडर म्हणून रिटायर झाले होते, आणि रिटायर झाल्यापासून त्यांचा सल्ला फुकट होता.

“हा तुमचा विद्युतवीर,” चित्रावर बोट ठेवून ते म्हणाले, “ह्याची ताकद लायटीवर चालते?”

“विजेवर. व्हय.”

“मग लोडशेडिंगमध्ये काय करतो?”

त्या वर्षी गोरेगावात वीज यायची ती पाहुण्यासारखी, चहा होईपर्यंत थांबायची नाही. “दिवसातून बारा तास हा मानूस घरी बसून आहे,” संतरामभाऊ म्हणाले. “त्याला गुडघ्याचं काही दुखणं दाखवा. बसून बसून होतंच. मी तेल सांगतो.”

मग ती जलकन्या. जलकन्या सिद्धेश्वरच्या धरणात राहायची. संतरामभाऊंनी विचारलं, यंदा धरणात पाणी किती आहे ते पाहून आलात का. जळबानं पाहिलं नव्हतं. “चिखलकन्या करा,” संतरामभाऊ उठता उठता म्हणाले, आणि पुढचा सगळा आठवडा जलकन्येचं चित्र काढताना जळबाच्या कुंचल्याला चिखल लागत राहिला.

मुख्याध्यापकांनी ऑफिसात बोलावून घेतलं. शाळेच्या नोकरीत राहून असले उद्योग चालणार नाहीत, असं ते म्हणतील, या भीतीनं जळबानं उत्तर पाठ केलं होतं. ते तसं काहीच म्हणाले नाहीत. महावीरांच्या हाती खराटे द्या आणि त्यांना शौचालयाचं महत्त्व सांगायला लावा, एवढंच म्हणाले. कागदाची सोय हरिचंद चेअरमन करणार होते. हरिचंद चेअरमन गावातल्या एका पतसंस्थेचे चेअरमन होते आणि पतसंस्था अडचणीत असली तरी चेअरमनपद ठणठणीत होतं. कागदाच्या बदल्यात त्यांना आठवा महावीर हवा होता, सहकारवीर.

“सप्तक म्हणजे सात,” जळबा म्हणाला.

“आमच्या संस्थेत सात संचालक होते, आता अकरा आहेत,” चेअरमन म्हणाले. “कुणाला काही तकलीफ झाली नाही.”

सहकारवीर आला. तो उडत नव्हता आणि लढत नव्हता. प्रत्येक चित्रात मागे हात जोडून उभा होता.

अंक काढायचा तर सरकारदरबारी नोंद हवी. जुनी नोंद हिंगोली हा तालुका होता आणि जिल्हा परभणी होता तेव्हाची. मध्ये हिंगोलीचाच जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याच्या कचेरीनं जुन्या जिल्ह्याकडे बोट दाखवलं, जुन्यानं नव्याकडे, आणि जळबा जीपच्या मागच्या फळीवर बसून या दोन बोटांच्या मधल्या रस्त्यावर जा-ये करत राहिला. कोणती कचेरी, कोणता साहेब, हे सांगण्यात अर्थ नाही. टेबलं सगळीकडे सारखीच असतात, आणि त्यांच्यामागचा माणूस नुकताच जेवायला गेलेला असतो.

शेवटी एका टेबलामागे माणूस सापडला. त्यानं अर्ज वाचला.

“वज्रसप्तक. सात जणांची संघटना. बरोबर?”

“संघटना न्हाई साहेब. चित्रातली मानसं हायेत.”

“इथं लिहिलंय, अन्यायाविरुद्ध लढणारी संघटना.”

हे वाक्य प्रेमदासचं होतं. अर्जातही त्याला थोडा जोश हवा होता.

“मग अध्यक्ष कोण? सचिव कोण?” त्या माणसानं विचारलं. जळबानं बराच वेळ समजावलं. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं सगळं मनापासून ऐकून घेतलं आणि मग मनापासून वरती लिहिलं की सातही जणांची चौकशी व्हावी.

त्यामुळे एका सकाळी हवालदार दारात आला. जळबा शाळेत होता. कमलबाई निघायच्या घाईत होत्या.

“विद्युतवीर इथं राहतात का?” हवालदारानं कागद पाहून विचारलं.

“ते लाईट आली की येतात,” कमलबाई म्हणाल्या.

“आणि ह्या सावलीबाई?”

“बऱ्या हायेत आता. उपाशी होत्या, म्हणून चक्कर आली होती.”

हवालदारानं ‘वर्तन चांगले’ असं लिहिलं, पाणी प्यायला आणि गेला. सगळ्या प्रकरणात तेवढं एकच काम पहिल्या फेरीत झालं, आणि ते करताना जळबा हजर नव्हता. या दोन गोष्टींचा संबंध कमलबाईंनी नंतर बऱ्याच वेळा लावून दाखवला.

आता शून्यासुराविषयी. सगळ्या गावाला वज्रसप्तकाबद्दल मत होतं. विद्युतवीराच्या गुडघ्याबद्दल होतं, जलकन्येच्या साडीबद्दल होतं, सातांतल्या महाकायाच्या पोटाबद्दल होतं. पण शून्यासुर कसा असावा, हे सांगायला एकही माणूस आला नाही. आपण खलनायकाला सल्ला दिला असं कुणाला वाटून घ्यायचं नसतं. त्यामुळे जळबानं त्याला मनासारखा काढला.

जुना शून्यासुर शिंगांचा, सुळ्यांचा होता. कचेरीतून परत आल्यावर एका दुपारी जळबा कपाटाच्या आरशासमोर बसला. समोर बसवायला दुसरं कोणी नव्हतं. कमलबाई ड्युटीवर होत्या आणि मुलगी आकांक्षा शिकायला नांदेडला होती. त्यानं आरशात जे दिसलं ते काढलं. शिंगं आलीच नाहीत. डोळ्यांखाली पिशव्या आल्या, खांदे उतरलेले आले, मिशी एका बाजूला खाली आली. साऱ्या जगाचा नाश करण्याची ताकद असलेला, पण त्यासाठी खुर्चीतून उठावं लागेल म्हणून बसून राहिलेला माणूस. जळबानं बऱ्याच वर्षांनी इतकं चांगलं काही काढलं होतं. त्याला ते कळलं, आणि कळल्यावर थोडं वाईटही वाटलं.

प्रेमदासनं ते चित्र हातात घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. त्यानं आधी लिहिलेली शून्यासुराची डरकाळी खोडली. त्या जागी लिहिलं, “मला फक्त जरा शांतता पाहिजे.”

“बराबर हाय?” त्यानं विचारलं.

“बराबर हाय,” जळबा म्हणाला. त्या दिवशी प्रेमदास तांड्यावर परत गेला नाही. इथंच जेवला.

हिंगोलीत धर्मसिंग नावाच्या माणसाचा ऑफसेट छापखाना होता. तिथल्या कॉम्प्युटरनं प्रेमदासचा मजकूर गिळला आणि त्याच्या जागी आकडे आणि चांदण्या बाहेर टाकल्या. अक्षरांची जात वेगळी आहे, असं धर्मसिंगनं सांगितलं. पुन्हा सगळा टाइप करावा लागला. मग रंग. जळबानं लाल, निळा, पिवळा, सगळं आखून दिलं होतं. अंक बांधून आले तेव्हा आठही महावीर हिरवे होते. चेहरे हिरवे, हात हिरवे, पिठलं हिरवं. शिवाय हिरवा रंग रेषेपासून बोटभर सरकलेला होता, त्यामुळे प्रत्येकाच्या शेजारी त्याचं भूत उभं असल्यासारखं दिसत होतं.

“एका उमेदवाराचे हिरवे पोस्टर चालू होते,” धर्मसिंग म्हणाला. “शाईचा डबा तोच लागला. पण हा पहा कसा आलाय.”

शून्यासुराला जळबानं रंग दिलाच नव्हता. तो नुसत्या काळ्या शाईत होता. त्यामुळे सगळ्या अंकात तो एकटाच स्वच्छ, रेखीव आणि जागच्या जागी आला होता.

बाजाराच्या दिवशी बांगड्यांच्या आणि मिरच्यांच्या मध्ये चटई टाकून जळबा आणि प्रेमदास बसले. मोठ्या माणसांनी अंक उचलून सहकारवीर पाहिला आणि खाली ठेवला. पण मुलांनी घेतले. पहिल्या मुलांनी दुसऱ्यांना दाखवले. हिरव्या लोकांविषयी कुणी बोलत नव्हतं. सगळ्यांना तो खुर्चीतला माणूस आवडला होता. दुपारपर्यंत बाजारभर पोरं खांदे पाडून फिरत होती आणि एकमेकांना सांगत होती, “मला फक्त जरा शांतता पाहिजे.” मिरचीवाली बाई म्हणाली की तिलाही तेच पाहिजे, आणि तिनंही एक अंक घेतला.

प्रेमदासनं जळबाच्या खांद्यावर हात ठेवला. बारा वर्षांत एका दिवसात इतके अंक कधीच गेले नव्हते. आनंद साजरा करावा असं जळबाला वाटलं, पण कमरेत कळ होती, म्हणून तो तसाच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी हरिचंद चेअरमन घरी आले. त्यांनी अंक टेबलावर ठेवला आणि शून्यासुरावर बोट टेकवलं.

“हा मी आहे.”

“न्हाई साहेब.”

“खुर्ची माझी आहे. मिशी माझी आहे. संस्था बुडायला आली आणि हा माणूस बसून आहे. सगळं गाव मला हसून राहिलं. मी कागद दिला आणि तुम्ही मलाच राक्षस केलं.”

जळबा उत्तर देणार तोच मुख्याध्यापक आले. त्यांच्याही हातात अंक होता. चेअरमनना पाहून ते थबकले, पण राग मोठा होता. डोळ्यांखालच्या पिशव्या त्यांच्या होत्या. शिवाय ‘मला फक्त जरा शांतता पाहिजे’ हे वाक्य ते रोज प्रार्थनेच्या वेळी बोलतात, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. अंक मागे घ्या, नाहीतर शाळेच्या संस्थेकडे लेखी तक्रार जाईल, असं ते म्हणाले. तेवढ्यात भिंतीपलीकडून संतरामभाऊ आले. त्यांना खांद्यांबद्दल बोलायचं होतं.

जळबा खुर्चीत बसला. नोकरीवर गदा येऊ शकत होती. कागद, छपाई, पुढचा अंक, सगळंच जाणार होतं. हिशेबाला आलेला प्रेमदास दारात उभा होता आणि त्याचा चेहरा पडला होता. दहा वर्षांनी लागलेला धागा पुन्हा तुटायला एवढं पुरेसं होतं.

“तो मी हाय,” जळबा म्हणाला. “कपाटाच्या आरशात बघून काढला.”

तिघांनी त्याच्याकडे पाहिलं. मग चित्राकडे. मग परत त्याच्याकडे.

“तुम्ही?” चेअरमन म्हणाले. “सर, राग मानू नका, पण तुमच्यात एवढं काय आहे?”

मुख्याध्यापकही म्हणाले, की खिल्लारे सर साधे गृहस्थ आहेत, जगाचा नाश त्यांच्याकडून होण्यासारखा नाही. संतरामभाऊंनीही होकारार्थी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा जळबानं स्वतःला वाईट म्हणवून घेतलं होतं आणि कुणीच मान्य करत नव्हतं.

कमलबाई ड्युटीवरून आल्या. चपला काढता काढता त्यांनी टेबलावरचा अंक पाहिला.

“हेच हायेत ते,” त्या म्हणाल्या. “रविवारी दुपारी जेवल्यावर असंच तोंड असतं. पाहुणे आले तर जास्तच.”

नर्सच्या साक्षीला गावात मान असतो. तिघांनी पुन्हा चित्र पाहिलं आणि यावेळी जळबा हळूहळू त्यांना दिसायला लागला. मुख्याध्यापकांनी तक्रार खिशात ठेवली. चेअरमन बराच वेळ अंक बघत राहिले. राग गेला होता, पण चेहरा काही खुलला नाही.

“म्हणजे माझा एकही फोटो चांगला नाही आला,” ते शेवटी म्हणाले. “तो हिरवा माणूस मी, होय ना?” मग त्यांनी चहा घेतला आणि पुढच्या अंकाला कागद देतो, सहकारवीराला काळ्या शाईत काढा, असं सांगून गेले.

प्रेमदास आत येऊन बसला. “मला पहिल्या दिवशीच कळलं होतं,” तो म्हणाला.

“मग सांगितलं काहून न्हाई?”

“तुला वाईट वाटलं असतं.”

जळबाला वाईट वाटलंच. पण ते एकट्यानं वाटून घेण्यापेक्षा बरं होतं.

सोमवारी तो सहावीच्या वर्गावर गेला. वर्ग एकदम उठून उभा राहिला, हे पूर्वी कधी झालं नव्हतं. कुणी मैदानाचं नाव काढलं नाही. सगळे त्याच्या मिशीकडे पाहत होते. पहिल्या बाकावरची पूजा नावाची मुलगी थोडा वेळ थांबली आणि मग अदबीनं पुढे झाली.

“सर,” तिनं विचारलं, “तुमी जगाचा नाश कधी करणार?”

जळबानं खडू हातात घेतला. काल दिवसभर तो अंकांचे गठ्ठे घेऊन जीपमध्ये होता आणि आज खांदे दुखत होते.

“ह्या आठवड्यात न्हाई जमायचं,” तो म्हणाला. “सहामाहीचे पेपर तपासायचे हायेत.”

पूजानं समजल्यासारखी मान हलवली, आणि मागे वळून वर्गाला सांगितलं, “सर पुढच्या आठवड्यात करणार हायेत. तवर गप बसा.”

वर्ग गप बसला. जळबानं फळ्यावर एक झाड काढायला घेतलं, आणि कितीतरी दिवसांनी त्याला हवी होती ती शांतता मिळाली.